‘यूस्ट टु’ कसं वापरायचं: ‘जायचो’पासून ‘सवय झाली’पर्यंत

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला रामबागेतून एक काका येतात. उमेदीची वीस वर्षं इंदूरच्या गिरणीत गेलेली, आता वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं. त्यांना नोकरीसाठी इंग्रजी नको आहे. नातू कॅनडात वाढतोय, त्याला मराठी समजतं पण बोलता येत नाही. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की त्याला आपल्या दिवसांबद्दल चार गोष्टी सांगाव्यात, एवढीच काकांची इच्छा.

एका रविवारी त्यांनी नातवाला सांगितलं, “द सायरन वॉज ब्लोइंग ॲट सेव्हन.” त्यांना म्हणायचं होतं, सातला भोंगा वाजायचा. नातू ऐकून गप्प राहिला आणि मग म्हणाला, “अँड देन?” काकांना कळेना, पुढे काय सांगायचं? भोंगा वाजायचा, झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, या एका प्रसंगात सगळा धडा आहे. ‘वॉज ब्लोइंग’ म्हणजे ‘वाजत होता’. ‘भोंगा वाजत होता’ असं कुणी म्हटलं की मराठीतसुद्धा आपण पुढच्या वाक्याची वाट बघतो. वाजत होता, आणि तेवढ्यात काय झालं? नातवाने अगदी बरोबर विचारलं होतं. काकांना हवं होतं ते ‘वाजायचा’, आणि ‘वाजायचा’ला इंग्रजीत आहे ‘यूस्ट टु’. “द सायरन यूस्ट टु ब्लो ॲट सेव्हन.”

हा लेख नव्याने इंग्रजी बोलू लागलेल्यांसाठी आहे. इंदूरमधल्या मराठी घरांतून माझ्याकडे येणारी माणसं या एका शब्दजोडीवर किती अडतात, हे मी रोज बघते. तिचे उपयोग तीन आहेत, आणि तिन्हींसाठी आपल्या मराठीत तयार शब्द आहेत: ‘जायचो’, ‘सवय आहे’ आणि ‘सवय झाली’. हे तीन मनात पक्के असले की नियमांचं ओझं वाटत नाही.

आधी उच्चार

लिहिताना अक्षरं येतात यू, एस, ई, डी, आणि मग टी, ओ. ती बघून बरेच जण ‘यूज्ड टू’ असं तोडून, प्रत्येक शब्दावर जोर देऊन म्हणतात. बोलताना तसं होत नाही. डी आणि टी एकमेकांत मिसळतात आणि ऐकू येतं ‘यूस्टु’. मध्ये ‘स’ आहे, ‘ज’ किंवा ‘झ’ नाही. ‘बस्ता’ म्हणताना स आणि त जसे चिकटतात, तसे इथे स आणि ट चिकटवा. मोठ्याने दहा वेळा म्हणा: यूस्टु गो, यूस्टु लिव्ह, यूस्टु ईट.

हा ‘स’ का महत्त्वाचा? कारण हीच अक्षरं ‘वापरला’ या अर्थानेही येतात, आणि तिथे उच्चार ‘यूझ्ड’ होतो, ‘झाड’ मधल्या झ सारखा. “धिस नाइफ इज यूझ्ड टु कट व्हेजिटेबल्स”, म्हणजे ही सुरी भाजी चिरायला वापरतात. इथे सवयीचा काही संबंध नाही. लिहिलेलं सारखं, पण कानाला वेगळं. मराठी माणसाला दोन्ही आवाज जिभेवर आहेत, त्यामुळे हा फरक एका संध्याकाळी बसतो.

पहिली पायरी: ‘जायचो’

पूर्वी नेहमी घडायचं, आता घडत नाही. तिथे ‘यूस्ट टु’ आणि पुढे साधं क्रियापद: गो, लिव्ह, प्ले, वर्क. त्याला ना ‘आयएनजी’ लागत, ना ‘ईडी’.

“आय यूस्ट टु प्ले क्रिकेट ॲट नेहरू स्टेडियम.” मी नेहरू स्टेडियमवर क्रिकेट खेळायचो.

“वी यूस्ट टु लिव्ह निअर राजवाडा.” आम्ही राजवाड्याजवळ राहायचो.

“माय मदर यूस्ट टु टीच ॲट अ मराठी स्कूल.” आई मराठी शाळेत शिकवायची.

मी, तू, तो, ती, आम्ही, ते, सगळ्यांना एकच रूप. मराठीत जायचो, जायचे, जायची, जायचा, जायच्या असं बदलत राहतं, इंग्रजीत काहीच बदलत नाही. या बाबतीत इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे.

आता इंदूरच्या मराठीबद्दल थोडं. आपल्याकडे घरात मराठी आणि बाहेर हिंदी, त्यामुळे हिंदीतलं ‘जाता था’ मराठीत शब्दशः उतरतं आणि ‘मी जात होतो’ असं होऊन बसतं. लहानपणी नाना-नानीकडे काय करत होतात असं विचारलं की मुलं सांगतात, “आम्ही आंबे खात होतो, नदीवर जात होतो.” घरातली आजी म्हणते, “आम्ही आंबे खायचो, नदीवर जायचो.” दोष हिंदीचा नाही. हिंदीत ‘जाता था’ आणि ‘जा रहा था’ असा फरक आहेच. पण ‘जात होतो’ या एकाच रूपावर दोन्ही अर्थ लादले की इंग्रजीत हात आपोआप ‘वॉज गोइंग’कडे जातो. म्हणून मी वर्गात आधी मराठी वाक्य म्हणायला लावते. तोंडातून ‘खायचो’ आलं की ‘यूस्ट टु ईट’ म्हणा. ‘खात होतो’ आलं तर थांबा आणि स्वतःला विचारा, तेव्हा त्या क्षणी चालू होतं, की नेहमी व्हायचं? नेहमी व्हायचं असेल तर आधी मराठी वाक्य दुरुस्त करा, इंग्रजी आपोआप दुरुस्त होईल. मला हा मार्ग मनापासून आवडतो, कारण यात घरातलं ‘जायचो’ही टिकतं.

कृतीच कशाला, पूर्वीच्या स्थितीलाही हेच चालतं. इथे ‘देअर यूस्ट टु बी’ हा साचा पाठ करून ठेवा, फार उपयोगी पडतो. “देअर यूस्ट टु बी अ सिनेमा हॉल हिअर.” इथे पूर्वी टॉकीज होती. इंदूर वेगाने बदललेलं शहर आहे, त्यामुळे बाहेरच्या माणसाला गाव दाखवताना हे वाक्य पावलोपावली लागतं. पूर्वी राजवाड्यावरून तीन चाकांचे मोठे टेम्पो सुटायचे: “टेम्पोज यूस्ट टु रन फ्रॉम राजवाडा.” इंदूरहून महू, पाताळपाणी, खंडव्याकडे छोट्या लाइनीची गाडी जायची: “अ मीटर गेज ट्रेन यूस्ट टु रन फ्रॉम इंदोर टु खंडवा.” विदर्भात माहेर असलेल्या कितीतरी आज्यांना ही गाडी आठवते. खंडव्याहून पुढे अकोल्याकडेही तीच छोटी लाइन होती.

नाव किंवा पद बदललं असेल तर ‘यूस्ट टु बी’. मध्य भारत राज्य १९४८ ते १९५६ पर्यंत होतं. त्याची हिवाळ्यातली राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यातली इंदूर. “इंदोर यूस्ट टु बी द समर कॅपिटल ऑफ मध्य भारत.” होळकर स्टेडियमला २०१० मध्ये हे नाव मिळालं, त्याआधी ते उषाराजेंच्या नावाने ओळखलं जायचं: “इट यूस्ट टु हॅव अनदर नेम.” त्याचं पूर्वी दुसरं नाव होतं. महूचं अधिकृत नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे, पण लोकांच्या तोंडी अजून महूच. मग “इट यूस्ट टु बी कॉल्ड महू” म्हणावं का? सरकारी नावाबद्दल बोलत असाल तर म्हणा. लोक काय म्हणतात याबद्दल बोलत असाल तर नको, कारण लोक आजही तेच म्हणतात. ‘यूस्ट टु’ म्हटलं की ऐकणारा समजतो, ती गोष्ट आता राहिली नाही.

यामुळेच बोलताना एक काळजी घ्या. “माय फादर यूस्ट टु लव्ह मी” असं एका मुलीने निबंधात लिहिलं होतं. तिला म्हणायचं होतं, बाबा माझ्यावर फार प्रेम करायचे, कारण बाबा आता नव्हते. पण वाचणाऱ्याला वाटेल, बाबांचं प्रेम आटलं. तिथे “माय फादर लव्ह्ड मी व्हेरी मच” हे साधं वाक्य जास्त खरं आहे.

‘जायचो’ चालत नाही तिथे

तीन ठिकाणी गल्लत होते.

एकदाच घडलेली गोष्ट. लता मंगेशकरांचा जन्म १९२९ मध्ये इंदूरला झाला. जन्म एकदाच होतो, म्हणून “वॉज बॉर्न”. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, “क्लोज्ड इन १९९१”. पण तिचा भोंगा रोज वाजायचा, म्हणून “यूस्ट टु ब्लो”.

किती वर्षं किंवा किती वेळा हे सांगितलं असेल तर. “आय यूस्ट टु लिव्ह इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स” हे वाक्य माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी म्हणतंच. पाच वर्षं असा आकडा आला की गोष्ट मोजून संपली, तिथे साधा भूतकाळ येतो: “आय लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.” तसंच “आय वेंट टु उज्जैन थ्री टाइम्स.” मराठीतही ‘मी तीन वेळा उज्जैनला जायचो’ कानाला खटकतं. ‘तीन वेळा गेलो’ म्हणतो आपण. मराठी कानावर भरवसा ठेवा. हां, ‘दर महिन्याला तीन वेळा जायचो’ असेल तर मात्र “आय यूस्ट टु गो थ्री टाइम्स अ मंथ” बरोबर आहे, कारण तो एकूण हिशोब नाही, ती रीत आहे.

आणि तिसरं, ‘जायचं होतं’. हा घोळ फक्त मराठी माणसाचा. ‘मी जायचो’ आणि ‘मला जायचं होतं’ यांत आवाज सारखा, अर्थ पार वेगळा. एकाने रजेच्या अर्जात लिहिलं, “आय यूस्ट टु गो टु द डॉक्टर येस्टरडे.” मनात होतं, काल मला डॉक्टरकडे जायचं होतं. तिथे “आय हॅड टु गो” किंवा “आय वाँटेड टु गो” पाहिजे. खूण सोपी आहे. ‘मी जायचो’ असेल तर ‘यूस्ट टु’, ‘मला जायचं होतं’ असेल तर नाही.

सगळ्यात मोठी चूक: आजच्या सवयीला ‘यूज टु’

“आय यूज टु गो टु जिम डेली.” “आय यूज टु गेट अप ॲट सिक्स.” बोलणाऱ्याला म्हणायचं असतं, मी रोज जिमला जातो, सहाला उठतो. ही चूक फक्त आपलीच नाही, देशभर ऐकू येते. ऐकणाऱ्याचा गैरसमज मात्र होतो. ‘यूज टु’ आणि ‘यूस्ट टु’ बोलताना सारखंच वाजतं, त्यामुळे समोरच्याला ऐकू येतं की पूर्वी जिमला जायचा, आता सोडली.

गंमत अशी की, काही शतकांपूर्वी इंग्रजीत हे वाक्य बरोबर होतं. ‘यूज’चा एक जुना अर्थ ‘सवय असणे’ असा होता आणि तो वर्तमानकाळातही चालायचा. पुढे वर्तमानातलं रूप मरून गेलं, भूतकाळातलं तेवढं उरलं. म्हणून आज ‘यूस्ट टु’ला वर्तमानकाळच नाही. तो शोधत बसू नका.

आजच्या सवयीला काय म्हणायचं? काही विशेष नाही, साधा वर्तमानकाळ. “आय गो टु द जिम एव्हरी डे.” ‘साधारणपणे’, ‘बहुतेक वेळा’ असं म्हणायचं असेल तर ‘यूझ्युअली’ घाला: “आय यूझ्युअली गेट अप ॲट सिक्स.” सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या, हे आजही चालू आहे, म्हणून “द ज्वेलरी शॉप्स क्लोज ॲट नाइट अँड द फूड स्टॉल्स ओपन.” रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, दरवर्षी निघते, म्हणून “द गेर कम्स आउट एव्हरी इयर.” यात कुठेही ‘यूज टु’ नको.

ही चूक जायला वेळ लागतो, कारण जिभेला वळण पडलेलं असतं. मी एक उपाय करते. आठवडाभर वर्गात ‘यूज टु’ला बंदी आणि त्या जागी प्रत्येकाने ‘यूझ्युअली’ म्हणायचं. आठवड्याच्या शेवटी बहुतेकांची जीभ वळते.

नकार आणि प्रश्न

इथे ‘डिड’ येतो आणि ‘यूस्ट’च्या स्पेलिंगमधला शेवटचा डी जातो. “आय डिडन्ट यूज टु ड्रिंक टी.” मी चहा प्यायचो नाही. “डिड यू यूज टु लिव्ह हिअर?” तुम्ही इथे राहायचात का? लिहिताना डी गाळा. बोलताना काही बदल नाही, उच्चार तोच ‘यूस्टु’. कठीण वाटत असेल तर नकारासाठी “आय नेव्हर यूस्ट टु ड्रिंक टी” म्हणा, तेही तितकंच चांगलं. उत्तर द्यायचं असेल तर “यस, आय यूस्ट टु” एवढं पुरे. आता नाही, असं जोडायचं असेल तर “नॉट एनीमोर”.

दुसरी पायरी: ‘सवय आहे’

आता तीच अक्षरं, तोच उच्चार, पण अर्थ दुसरा. आधी ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’ पैकी काही आलं की ‘यूस्ट टु’ म्हणजे ‘ची सवय असणे’. “आय ॲम यूस्ट टु द नॉइज.” मला या आवाजाची सवय आहे.

लोकमान्य नगरात लग्न होऊन आलेली सांगलीची एक सूनबाई माझ्याकडे यायची. विजयनगरातल्या ऑफिसात नोकरी, बरोबरीच्या मुली केरळ, बंगालमधल्या, त्यामुळे इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही. तिच्या माहेरचे पोहे म्हणजे कांदा, खोबरं, कोथिंबीर, वर लिंबू. इथले पोहे वाफेवरचे, किंचित गोडसर, वर मूठभर शेव, कच्चा कांदा, जीरावन मसाल्याची चिमूट, आणि शेजारी जिलेबी. पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणींनी नाश्त्याला नेलं. बशी हातात आल्यावर ती म्हणाली, “आय ॲम नॉट यूस्ट टु ईट शेव ऑन पोहे.” मैत्रिणींना कळलं, त्या हसून बोलल्या, कुणी टोकलं नाही. पण वाक्य चुकलं होतं. पाहिजे होतं “ईटिंग”: “आय ॲम नॉट यूस्ट टु ईटिंग शेव ऑन पोहे.”

‘टु’नंतर ‘आयएनजी’ कशी, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. शाळेत आपण घोकलेलं असतं, टु गो, टु ईट, टु ड्रिंक. पण हा ‘टु’ तो नाही. पहिल्या पायरीतला ‘टु’ क्रियापदाचा होता. हा ‘टु’ आपल्या ‘ची’ सारखा आहे: कशाची सवय? आवाजाची, थंडीची, खाण्याची. ‘ची’ लावायला मराठीतही ‘खा’चं ‘खाणं’ करावं लागतं. ‘खा ची सवय’ म्हणत नाही, ‘खाण्याची सवय’ म्हणतो. इंग्रजीतलं ‘ईटिंग’ म्हणजे हेच ‘खाणं’. मी फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिते, ‘खाण्याची’ आणि ‘ईटिंग’ला एकाच रंगाने अधोरेखित करते, आणि मग पुढे फारसं बोलावं लागत नाही.

पडताळणीही आहे. ‘टु’च्या पुढे ‘इट’ ठेवून बघा. “आय ॲम यूस्ट टु इट”, मला त्याची सवय आहे, जमलं. जिथे ‘इट’ बसतो तिथे क्रियापद आलं तर ‘आयएनजी’ घेऊनच येणार. “आय यूस्ट टु इट” असं म्हणून बघा, बसत नाही. म्हणून तिथे साधं क्रियापद.

‘यूस्ट टु’च्या आधी ‘ॲम’ आहे की नाही यावर सगळं फिरतं, हे या जोडीने पाहा:

“आय यूस्ट टु वर्क ॲट नाइट.” मी रात्रपाळी करायचो. आता करत नाही.

“आय ॲम यूस्ट टु वर्किंग ॲट नाइट.” मला रात्रपाळीची सवय आहे. आजही जमेल.

नोकरीच्या मुलाखतीत या दोन वाक्यांनी उलटसुलट निकाल लागू शकतो. सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांत मुलाखतीला जाणाऱ्या मुलांकडून मी दुसरं वाक्य घोटून घेते. “आर यू ओके विथ शिफ्ट्स?” असं विचारलं तर “यस, आय ॲम यूस्ट टु वर्किंग इन शिफ्ट्स.” आधीच्या नोकरीबद्दल विचारलं तर मात्र “आय यूस्ट टु वर्क ॲज अ…” असं लांबवू नका. “आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स” हे सरळ आणि मोजकं उत्तर मुलाखतीत शोभतं. आणि खरोखर सवय नसेल तर तसं सांगा, खोटं बोलू नका: “आय ॲम नॉट यूस्ट टु नाइट शिफ्ट्स येट, बट आय कॅन लर्न.” मी स्वतः मुलाखत घेत असते तर हे उत्तर मला आवडलं असतं.

तिसरी पायरी: ‘सवय झाली’

सवय असणं ही स्थिती, सवय होणं हा प्रवास. प्रवासाला ‘गेट’ लावा. पुढचं सगळं दुसऱ्या पायरीसारखंच, ‘आयएनजी’सकट.

सूनबाईंची पुढची वाक्यं मी वहीत उतरवून ठेवली आहेत, कारण ती क्रमाने अशीच आली होती. महिनाभराने: “आय ॲम गेटिंग यूस्ट टु इट.” सवय होतेय. दिवाळीपर्यंत: “आय हॅव गॉट यूस्ट टु शेव ऑन पोहे.” सवय झाली. मग सांगलीला जाऊन आल्यावर, स्वतःहून, कुणी न विचारता: “नाउ आय ॲम नॉट यूस्ट टु पोहे विदाउट शेव.” मला त्या दिवशी फार आनंद झाला, कारण ते वाक्य तिने मनात भाषांतर न करता उच्चारलं होतं.

नव्या गावात आलेल्या माणसाला धीर द्यायचा असेल तर इंग्रजीत हे एक वाक्य सतत कामाला येतं: “यू विल गेट यूस्ट टु इट.” होईल सवय. फक्त ते नीट बघून म्हणा. घर भाड्याने मिळत नाही, ऑफिसात कुणी त्रास देतं, अशा वेळी ‘होईल सवय’ म्हणणं म्हणजे त्याचं दुःख झटकून टाकणं. मराठीत जिथे म्हणणार नाही, तिथे इंग्रजीतही म्हणू नका.

‘वुड’बद्दल थोडक्यात

जुन्या आठवणी सांगताना इंग्रजी बोलणारे एकदा ‘यूस्ट टु’ म्हणतात आणि पुढे ‘वुड’वर येतात. “माय ग्रँडमदर यूस्ट टु लिव्ह विथ अस. शी वुड गेट अप ॲट फाइव्ह, शी वुड वॉटर द तुळस, अँड देन शी वुड वेक अस अप.” आजी पाचला उठायची, तुळशीला पाणी घालायची, मग आम्हाला उठवायची. ऐकायला छान वाटतं. पण राहायची, आवडायचं, होतं, अशा स्थितीला ‘वुड’ चालत नाही, तिथे ‘यूस्ट टु’च. सुरुवातीला ‘वुड’ न वापरलं तरी काही अडत नाही.

सराव

रोज रात्री पाच वाक्यं, मोठ्याने, शक्य तर घरातल्या कुणासमोर. दोन वाक्यं ‘पूर्वी’ची: शाळा, जुनं घर, गल्ली. एक आजच्या सवयीचं, ‘यूज टु’ न वापरता. एक ‘सवय आहे’चं आणि एक ‘सवय होतेय’चं. आधी मराठी म्हणा, मग इंग्रजी. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना विचारा, तुमच्या लहानपणी काय काय करायचात? ते सांगतील त्यातलं प्रत्येक ‘चो’ आणि ‘ची’ तुमच्यासाठी एक तयार वाक्य आहे. चुकलात तर तिथेच थांबून तेच वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणा, पुढच्या वाक्याकडे घाई करू नका.

रामबागेतल्या काकांनी असंच केलं. तीन आठवडे रोज पाच वाक्यं, वही गच्च भरलेली. मग एका रविवारच्या कॉलवर त्यांनी पुन्हा भोंगा काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला संभाषण जसंच्या तसं सांगितलं:

“द सायरन यूस्ट टु ब्लो ॲट सेव्हन. आय यूस्ट टु रन टु द गेट.”

“डिड यू यूज टु बी स्केअर्ड ऑफ द साउंड, आजोबा?”

“नो. आय वॉज यूस्ट टु इट.”

“डज इट स्टिल ब्लो?”

“नॉट एनीमोर. द मिल क्लोज्ड.”

‘क्लोज्ड’ म्हणताना ते क्षणभर अडखळले होते म्हणे, ‘यूस्ट टु क्लोज’ तोंडात येत होतं. मग आठवलं की गिरणी एकदाच बंद पडली.